छोटू टोळीसमोर पोलीस का हरले?

१३ एप्रिल २०१६ रोजी पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातल्या राजनपूर जिल्ह्यात पोलिसांच्या तुकड्या होड्यांत बसून सिंधू नदीतल्या एका बेटाकडे निघाल्या. गुलाम रसूल ऊर्फ छोटू नावाचा दरोडेखोर तिथे आपल्या टोळीसह दबा धरून होता. त्या दिवशी किमान सहा पोलीस मारले गेले आणि चोवीस पोलीस टोळीच्या हाती जिवंत सापडले. जे छोटूला पकडायला गेले तेच त्याचे ओलीस झाले. मग लष्कर आले, बेटाला वेढा पडला आणि २० एप्रिलला छोटूने डझनभर साथीदारांसह शरणागती पत्करली. ओलीस ठेवलेले पोलीस सुटले.

बातमी एवढीच. पण मोहिमेत उतरलेल्या पोलिसांची संख्या दीड हजाराच्या घरात होती आणि टोळीत फार तर शे-दीडशे माणसे असावीत असा अंदाज होता. शिवाय ही टोळी काही रातोरात उगवलेली नव्हती. तिच्यावर आधीही कारवाया होऊन फसल्या होत्या. तिचा पत्ता सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होता. तरीही असे का घडले? आणि या टोळीचे अतिरेक्यांशी संबंध असल्याचे त्या दिवसांत सारखे सांगितले जात होते, त्याचा नेमका अर्थ काय? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि ती शोधायची तर आधी नदी समजून घ्यावी लागते.

पंजाबच्या पाचही नद्यांचे पाणी पंजनद या नावाने एकत्र होते आणि कोट मिठन गावाजवळ सिंधूला मिळते. कोट मिठन म्हणजे सूफी कवी ख्वाजा गुलाम फरीद यांच्या दर्ग्याचे गाव. आपल्याकडे आळंदीचे नाव घेताना जो भाव मनात येतो, तोच सराईकी ही दक्षिण पंजाबची भाषा बोलणाऱ्या माणसाच्या मनात या गावाबद्दल असतो. तिथून खाली सिंधू ऐसपैस पसरते. एका प्रवाहाचे अनेक फाटे होतात आणि मध्ये बेटे तयार होतात. पुराचे पाणी गावांत शिरू नये म्हणून दोन्ही तीरांवर लांबच लांब मातीचे बांध घातलेले आहेत. बांधाबाहेरचा, गावे-रस्ते-वीज असलेला भाग म्हणजे पक्का. दोन बांधांच्या मधला, दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा पट्टा म्हणजे कच्चा. राजनपूर आणि रहीम यार खान हे पंजाबचे जिल्हे, त्याखाली सिंध प्रांतातले काश्मोर, घोटकी, शिकारपूर, अशा सगळ्यांच्या हद्दीतून हा कच्चा सलग पसरला आहे.

कच्च्यातली जमीन गाळाची असल्याने कसदार असते. पूर ओसरला की गहू पेरतात, ऊस लावतात. पण नदी आपली वाट बदलते. यंदा ज्या जागी शेत होते तिथे पुढल्या वर्षी पाणी, आणि पाण्याच्या जागी नवे बेट. जमीन अशी वाहून जाते आणि पुन्हा वर येते, तिथे सातबारा कुणाच्या नावाचा ठरवणार? अशा जागी ज्याच्याकडे माणसे आणि बंदुका, त्याचीच मालकी चालते. कच्च्यात राहणारी बहुसंख्य कुटुंबे कष्टकरी आहेत, शेती करणारी, म्हशी पाळणारी, मासे धरणारी. टोळ्यांचा जाच सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त त्यांनाच होतो. कच्च्याचे नाव निघाले की लोक सरसकट त्यांनाही दरोडेखोर ठरवतात, हे मला फार अन्यायाचे वाटते.

टोळीच्या दृष्टीने मात्र या जागेसारखी दुसरी जागा नाही. डोक्याच्या वर वाढलेला ऊस, झाऊची दाट झुडपे आणि उंच गवत, सगळीकडून पाणी. पश्चिमेच्या तीराने सिंधू महामार्ग जातो, पूर्वेकडून कराचीला लाहोरशी जोडणारा राष्ट्रीय महामार्ग. माणसे पळवायला दोन्ही रस्ते जवळ. शिवाय पंजाब, सिंध आणि बलुचिस्तान हे तिन्ही प्रांत इथे एकमेकांना भिडतात. पंजाबचे पोलीस मागे लागले की होडी सिंधच्या हद्दीत न्यायची, तिकडचे आले की परत फिरायचे. पश्चिमेला सुलेमान डोंगररांगेपलीकडे बलुचिस्तानातला डेरा बुगटी जिल्हा आहे. बलूच बंडखोर आणि लष्कर यांच्यातल्या संघर्षाने तो भाग वर्षानुवर्षे धगधगता राहिला आहे. अतिरेक्यांचा विषय पुढे येईल तेव्हा हा नकाशा लक्षात असू द्यावा.

आता छोटू. तो राजनपूर जिल्ह्याच्या रोझान तालुक्यातला, मझारी या बलूच जमातीतला. पाकिस्तानी वृत्तपत्रांत त्याची जी माहिती छापून आली तिच्यात एक गोष्ट वारंवार येते, ती अशी की हा माणूस काही काळ पोलिसांचा खबरी होता. इतर टोळ्यांची माहिती पोलिसांना पुरवायची आणि त्याबदल्यात स्वतःच्या धंद्याकडे काणाडोळा करून घ्यायचा. एका स्थानिक पुढाऱ्याचा तो अंगरक्षक होता असेही छापून आले आहे. पुढे पोलिसांशी फाटले आणि त्याने बेटावर बस्तान बसवले. खंडणीसाठी अपहरण, महामार्गावरची लूट, खून असा धंदा वर्षानुवर्षे चालला.

ही पार्श्वभूमी जराशी थांबून पाहण्यासारखी आहे. कच्च्यातली टोळी स्वतःच्या बळावर तगत नाही. पळवून आणलेल्या माणसाला ठेवायला जागा लागते, खंडणीची बोलणी करायला मध्यस्थ लागतो, चोरलेली जनावरे विकायला बाजार लागतो, दारूगोळा पक्क्यातून आणावा लागतो. ही सगळी कामे बांधाच्या बाहेर राहणारी, पांढरपेशी माणसे करतात. दरोडेखोरांना आश्रय देणाऱ्या बड्या जमीनदारासाठी सिंधमध्ये पथारीदार असा शब्दच आहे. टोळीमुळे जमीनदाराचा दरारा राहतो, जमिनीच्या भांडणात आणि निवडणुकीत तो उपयोगी पडतो. टोळीला जमीनदाराकडून अभय मिळते. पोलीस ठाण्यातला शिपाई याच भागातला, त्याची बदली आणि बढती याच पुढाऱ्यांच्या हाती. त्याने कोणाच्या भरवशावर टोळीशी वैर घ्यावे? छापा कधी पडणार ही बातमी छाप्याआधी बेटावर पोहोचते, त्यात नवल काहीच नाही. आपल्याकडेही जुलै २०२० मध्ये कानपूरजवळच्या बिकरू गावात विकास दुबेला पकडायला गेलेले आठ पोलीस मारले गेले. छाप्याची खबर त्याला स्थानिक ठाण्यातूनच मिळाल्याच्या आरोपावरून दोन पोलिसांना अटक झाली होती.

मग इतकी वर्षे खपवून घेतलेल्या टोळीवर २०१६ च्या एप्रिलमध्येच एवढी मोठी मोहीम का निघाली? त्याचे कारण राजनपूरमध्ये नव्हते, लाहोरमध्ये होते.

२७ मार्च २०१६, ईस्टरचा रविवार. लाहोरच्या गुलशन-ए-इक्बाल बागेत संध्याकाळी आत्मघाती स्फोट झाला. बागेत मुलांना घेऊन आलेली कुटुंबे होती. सत्तरहून अधिक माणसे गेली, त्यात लहान मुले बरीच. जमात-उल-अहरार या तालिबानी गटाने जबाबदारी घेतली. देश हादरला आणि एक जुना वाद पुन्हा पेटला.

डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या लष्करी शाळेवर हल्ला झाल्यावर पाकिस्तानने दहशतवादाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा आखला होता. वझिरिस्तानात लष्कराची कारवाई चालू होती, कराचीत निमलष्करी रेंजर्स उतरले होते. पंजाबात मात्र अशी कारवाई नव्हती. पंजाब हा सत्ताधारी मुस्लिम लीग (नवाझ) पक्षाचा बालेकिल्ला, मुख्यमंत्री पंतप्रधान नवाझ शरीफ यांचे धाकटे भाऊ शाहबाझ शरीफ. आमचे पोलीस समर्थ आहेत, रेंजर्सची गरज नाही, अशी प्रांतिक सरकारची भूमिका होती. लाहोरच्या स्फोटानंतर लष्कराने पंजाबात स्वतःहून कारवाया सुरू केल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास पनामा पेपर्स, म्हणजे परदेशी कंपन्यांत दडवलेल्या संपत्तीची फुटलेली कागदपत्रे, बाहेर आले आणि शरीफ कुटुंब आणखी अडचणीत सापडले. आपले पोलीस काय करू शकतात हे दाखवून देण्याची प्रांतिक सरकारला निकड होती. छोटू टोळीवरची मोहीम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली, तिला 'जर्ब-ए-आहन' म्हणजे पोलादी प्रहार असे नाव दिले गेले, जिल्ह्याजिल्ह्यांतून पोलीस गोळा केले गेले, आणि वाहिन्यांवर तिची चर्चा झडू लागली.

माझ्या मते मोहीम इथेच अर्धी हरली होती.

पोलिसी छाप्याचे सगळे यश तीन-चार साध्या गोष्टींवर उभे असते. समोरचा बेसावध असावा. तो नेमका कुठे आहे, किती माणसे, कोणती हत्यारे, याची पक्की खबर असावी. त्याची पळवाट बंद असावी. आणि आपला डाव उलटला तर आपल्या माणसांना मागे काढण्याची सोय असावी. राजनपूरमध्ये पहिली गोष्ट मोहीम जाहीर झाली तेव्हाच गेली. टोळीला तयारीला आठवडाभर मिळाला. बेटावर खंदक-मोर्चे खणलेले होते, जड हत्यारे होती. दुसऱ्या गोष्टीचे काय झाले ते निकालावरूनच दिसते. समोर किती मारा आहे याची नीट कल्पना असती तर कुठल्याही अधिकाऱ्याने उघड्या होड्या पुढे सोडल्या नसत्या.

होडीतून चढाई करणे म्हणजे काय, हे जरा जवळून पाहू. रुंद पात्र, सपाट पाणी, आडोसा शून्य. होडी लाकडी किंवा पत्र्याची, तिला चिलखत नाही. आठ-दहा माणसे दाटीवाटीने बसलेली. होडी हलते म्हणून नेम धरता येत नाही. उभे राहावे तर तोल जातो, आणि खाली झोपायला जागा नाही. अंगात जाकीट आणि जड बूट, पाण्यात पडले तर बुडायची भीती. समोरच्या काठावर गवतात बसलेल्या माणसाला मात्र होडी कितीतरी दुरून दिसते. तो वाट पाहतो. होडी काठाला टेकते, माणसे एकेक करून चिखलात उतरतात, पाय रुततात, तुकडी विस्कटते, तेव्हा तो गोळी झाडतो. आता मागे फिरायचे तर पुन्हा तेच पाणी. मागच्या तीरावरच्या सहकाऱ्यांना पुढे यायचे तर तोच मार. बेटावर उतरलेली तुकडी अशा रीतीने एकटी पडते. गोळ्या संपल्या की तिच्यापुढे मरणे किंवा हात वर करणे एवढेच उरते.

जगभरची सैन्ये नदी ओलांडून चढाई करणे हा सर्वांत कठीण प्रकार मानतात. त्याआधी ती पलीकडच्या काठावर तोफांचा किंवा हवेतून मारा करतात, धूर सोडतात, एकाच वेळी अनेक ठिकाणी उतरतात. पोलिसांकडे यातले काही नसते, कारण पोलीस दल त्यासाठी उभारलेलेच नसते. रस्त्यावरचा बंदोबस्त, तपास, फार तर इमारतीत लपलेल्या गुन्हेगाराशी चकमक, हे त्यांचे काम. राजनपूरच्या घटनेनंतर जुनी शस्त्रे, अपुरी तयारी आणि वरिष्ठांची घाई यांवर पाकिस्तानात सडकून टीका झाली. त्या टीकेत तथ्य होते. होडीत बसलेल्या शिपायाने भित्रेपणा केला असे कुणाला म्हणता येणार नाही. त्याला हुकूम होता, तो गेला. चूक झाली ती त्याला तिथे धाडण्याचा निर्णय घेतला गेला त्या टेबलावर.

चोवीस पोलीस ओलीस सापडल्यावर सगळे चित्र पालटले. आता बेटावर आंधळा गोळीबार करणे शक्य नव्हते. टोळीतल्या लोकांची बायकामुलेही बेटावर होती. सुरक्षित वाट द्या, ही छोटूची मागणी होती. दोन-तीन दिवसांत लष्कराने सूत्रे हाती घेतली, पोलीस मागे सरले. परिसरातली वस्ती हलवली, बेटाभोवतीचा गराडा आवळला, लढाऊ हेलिकॉप्टरे घिरट्या घालू लागली, शरण येण्यासाठी मुदत दिली गेली. लष्कराने बेटावर धावून जाण्याची घाई केली नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दाणापाणी तोडले, बाहेर पडण्याची प्रत्येक वाट अडवली, डोक्यावर हेलिकॉप्टर ठेवले आणि बोलणी चालू ठेवली. ओलीस मारले तर आपणही वाचणार नाही, हे छोटूला कळत होते. आठवड्याभरात तो बाहेर आला. वेढा घालून धीर धरण्याचे हे काम पुरेशा बळानिशी पोलिसांनाही पहिल्या दिवसापासून करता आले असते. पण वेढ्याला दिवस लागतात, आणि सरकारला उद्याच्या सकाळी निकाल हवा होता.

आता अतिरेक्यांशी संबंधाचा प्रश्न. त्या आठवड्यांत वृत्तपत्रांतून कितीतरी नावे आली. बलूच फुटीरतावादी, पंजाबी तालिबान, लष्कर-ए-झांगवीसारखे सुन्नी कट्टर गट. वैचारिकदृष्ट्या हे एकमेकांपासून कोसो दूर. बलूच बंडखोरांना वेगळे राष्ट्र हवे, तालिबानला शरियतचे राज्य, झांगवीवाल्यांचा राग शियांवर. एकच टोळी या सगळ्यांची मित्र कशी असेल?

विचाराने पाहिले तर असू शकत नाही, गरजेने पाहिले तर असू शकते. मागे सांगितलेला नकाशा इथे कामाला येतो. बलुचिस्तानातून पळालेल्या माणसाला सिंधूच्या बेटावर चार महिने लपायचे आहे, तर भाडे मोजून जागा मिळते. दक्षिण पंजाबातल्या कट्टर गटाचा फरारी माणूसही तसाच येतो. टोळीला हवी असतात मोठी हत्यारे, आणि ती बंडखोरांच्या वाटेनेच येतात. अतिरेकी गटाला हवा असतो पैसा, आणि अपहरण हा पैसा उभा करण्याचा जुना मार्ग. कुणाला पळवायचे आणि कुठे दडवायचे हे टोळीला पक्के माहीत असते. म्हणजे 'संबंध' या एका शब्दात किमान तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. एक, आसरा देणे. दोन, हत्यारे आणि पैशांची देवघेव. तीन, एकत्र कट करून हल्ला करणे. पहिल्या दोन गोष्टी धंद्याच्या आहेत. तिसरी गोष्ट वेगळी आणि फार गंभीर. बातम्यांत मात्र तिन्ही एकाच शब्दात कोंबल्या जातात, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तिसरीच येते.

आपल्या ओळखीचे उदाहरण वीरप्पनचे. हस्तिदंत आणि चंदनाची तस्करी करणारा हा जंगलातला गुन्हेगार. जुलै २००० मध्ये त्याने कन्नड अभिनेते राजकुमार यांना पळवले आणि १०८ दिवस जंगलात ठेवले. त्या वेळच्या मागण्यांमध्ये कावेरीचे पाणी होते, कर्नाटकातल्या तमिळांचे हक्क होते, कैद्यांची सुटका होती. वर्षानुवर्षे हस्तिदंत विकणाऱ्या माणसाच्या तोंडी ही भाषा कुठून आली? त्या काळात तमिळ राष्ट्रवादी अतिरेकी गटांची माणसे त्याच्याबरोबर जंगलात होती. त्यांना त्याचे जंगल हवे होते, त्याला त्यांच्यामुळे मिळणारी राजकीय प्रतिष्ठा हवी होती. तो अतिरेकी झाला का? माझ्या मते नाही. पण तेवढ्याने त्या संबंधातला धोका कमी होत नव्हता, कारण टोळीची जागा आणि गटाची मागणी एकत्र आली की एका अपहरणातून दोन राज्ये वेठीला धरता येतात.

छोटूच्या बाबतीत तिसऱ्या प्रकारचा संबंध, म्हणजे अतिरेक्यांबरोबर आखलेला कट, लोकांसमोर ठोसपणे मांडला गेल्याचे मला कुठे दिसले नाही. आसरा आणि हत्यारे यांचा संशय मात्र त्या भूगोलात सहज पटण्यासारखा आहे. वातावरणही तापलेले होते. मार्च २०१६ मध्येच पाकिस्तानने भारतीय नौदलाचे माजी अधिकारी कुलभूषण जाधव यांना बलुचिस्तानात पकडल्याचा दावा केला होता. महाराष्ट्रातल्या आपल्या सर्वांना तो विषय चांगलाच आठवत असेल. त्यांना इराणातून पळवून नेले असे भारताने म्हटले, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांना भारतीय वकिलातीची भेट नाकारल्याबद्दल पाकिस्तानला दोषी धरले, हे सगळे पुढचे. पण त्या महिन्यात पाकिस्तानी वाहिन्यांवर बलुचिस्तानजवळच्या कुठल्याही बंदुकीमागे परका हात शोधण्याची चढाओढ होती, आणि राजनपूर बलुचिस्तानला लागूनच आहे.

अतिरेकी हा शिक्का बसला की तीन गोष्टी सोप्या होतात. लष्कराला बोलावता येते. पोलिसांच्या पराभवाला कारण मिळते, कारण दरोडेखोराकडून हरणे लाजिरवाणे आणि अतिरेक्याकडून हरणे समजण्यासारखे. आणि या टोळीला इतकी वर्षे कोणी पोसले, हा प्रश्न बाजूला पडतो. शेवटच्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग येतो. बाहेरचा शत्रू सापडला की बांधावरचा पथारीदार सुखाने झोपतो.

न्यायालयाच्या बाबतीतही एक बारकावा आहे. २०१९ मध्ये मुलतानच्या दहशतवादविरोधी न्यायालयाने छोटू आणि त्याच्या साथीदारांना फाशीची शिक्षा सुनावली. 'दहशतवादविरोधी न्यायालय' हे नाव वाचून अतिरेक्यांशी संबंध सिद्ध झाला असे वाटू शकते. पण पाकिस्तानच्या १९९७ च्या दहशतवादविरोधी कायद्यात खंडणीसाठी अपहरण आणि पोलिसांवरचा हल्लाही येतो. साध्या टोळीचा खटलासुद्धा त्याच न्यायालयात चालतो. शिक्षेमुळे पोलिसांचे मारेकरी दोषी ठरले, संशयित संबंधांचा उलगडा त्यातून झाला असे समजू नये.

लष्कराने छोटूला नेले, पण कच्चा होता तिथेच राहिला. फेब्रुवारी २०१७ मध्ये लाहोर आणि सिंधमधल्या सेहवानच्या स्फोटांनंतर पंजाबात रेंजर्सना विशेष अधिकार मिळाले. ज्या गोष्टीला प्रांतिक सरकार नकार देत होते ती अखेर झाली. नदीत मात्र छोटूची जागा दुसऱ्या नावांनी भरली. मे २०२१ मध्ये शिकारपूरच्या गढी तेघो भागात टोळीने पोलिसांची चिलखती गाडी भेदली, त्यातही पोलीस गेले. चिलखत हा नुसत्या लोखंडाचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटत होते त्यांना तिथे उत्तर मिळाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये घोटकीत एका पोलीस छावणीवर रात्री हल्ला झाला आणि उपअधीक्षकासह पाच पोलीस ठार झाले. एप्रिल २०२३ मध्ये पंजाबने पुन्हा मोठी मोहीम काढली, यावेळी सुमारे ११,००० पोलीस. काही बेटे मोकळी झाली, चौक्या बसल्या.

त्या चौक्यांवरचे पोलीस २२ ऑगस्ट २०२४ रोजी रहीम यार खानच्या माछका भागातून आठवड्याची पाळी संपवून परतत होते. पावसाचे पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी अडकली. टोळीने रॉकेटे डागली. बारा पोलीस मारले गेले. त्यानंतर सरकारने टोळ्यांच्या म्होरक्यांवर एक-एक कोट रुपयांची बक्षिसे लावली. त्या पोलिसांच्या मरणाचा तपशील पुन्हा वाचावा: ते छापा घालायला निघाले नव्हते, घरी निघाले होते. पक्का रस्ता, पाणी उपसायची सोय, सोबत जाणारी चिलखती गाडी, इतक्या साध्या गोष्टींअभावी ते गेले. २०१६ मध्ये होड्या होत्या, २०२४ मध्ये चिखलात रुतलेली गाडी.

टोळ्यांनी धंद्याची रीतही बदलली आहे. महामार्गावर बस अडवण्यात धोका फार. आता मोबाइल पुरतो. स्वस्त ट्रॅक्टर किंवा मोटारीची जाहिरात टाकायची, नाहीतर बाईच्या आवाजात गोड बोलून लग्नाचे आमिष दाखवायचे आणि दूरच्या शहरातल्या माणसाला आपल्या पायांनी कच्च्यात यायला लावायचे. मग साखळदंडाने बांधलेल्या त्या माणसाची चित्रफीत घरच्यांना पाठवून खंडणी मागायची. या सापळ्यात सापडणारे बहुतेक लोक साध्या घरचे असतात. ट्रॅक्टरच्या स्वस्त सौद्यासाठी शेकडो किलोमीटरचा प्रवास करणाऱ्याकडे पैसा तो किती असणार? घरचे शेत विकतात, दागिने मोडतात, गावात वर्गणी काढतात.

म्हणून काश्मोर आणि घोटकीच्या पोलिसांनी बांधाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर वेगळीच नाकाबंदी सुरू केली. परक्या भागातला माणूस दिसला की त्याला गाडीतून उतरवून विचारायचे, कोणाला भेटायला चाललात, फोनवर कोणाशी बोलणे झाले, तो माणूस तुम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे का. अशी शेकडो माणसे त्यांनी माघारी धाडली आहेत. ज्यांना अडवले त्यांच्यातले काही चिडून वादही घालतात, कारण पलीकडे आपली होणारी बायको किंवा निम्म्या किमतीतला ट्रॅक्टर वाट पाहत आहे अशी त्यांची खात्री असते.